टपाल घरी आलं पाहिजे

"सूनबाई, तुझे मेल त्या ब्राउझरमधून वाचू, की संगणकावर मेलचं सॉफ्टवेअर टाकून?" अण्णांनी सकाळी विचारलं.

सून आर्किटेक्ट. ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचे नकाशे घेऊन समितीपुढे निघाली होती. जाहिरातींनी तुंबलेली तिची मेलपेटी साफ करायचं काम सासऱ्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. एक पाय चपलेत घालत ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल ते करा, अण्णा."

अकरा वाजता समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. "जिना पुढे का आणलात?"

"तुम्हीच तसं लिहिलं होतंत. हे बघा." तिने फोनवर मेलपेटी उघडली. पेटी धुऊन पुसून स्वच्छ! औषधालाही मेल नाही. "एक मिनिट हं," म्हणत ती बाहेर पळाली आणि घरी फोन लावला.

"अण्णा, माझे सगळे मेल गेले!"

"गेले कुठले? आले. एक हजार सातशे बारा. सॉफ्टवेअरने विचारलं, सर्व्हरवर प्रत ठेवू का? म्हटलं, कशाला? टपाल घरी पोचल्यावर पोस्टात प्रत ठेवतात होय? आणि ते ब्राउझरवालं म्हणजे पत्र वाचायला रोज पोस्टात खेटे घालायचे!"

अण्णांची अडतीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावण्यात गेली होती. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"मला समितीचं जिन्याबद्दलचं पत्र हवंय. आत्ता!"

"कुठलं? चौदा तारखेचं, की एकोणीसचं सुधारित?"

"सुधारित?"

"गादीच्या दोन जाहिरातींमध्ये दबलं होतं, न उघडलेलं. जिना आहे तिथेच ठेवा, पुढे उतार करा, म्हातारी माणसं येतात, असं लिहिलंय. थांब, पाठवतो."

तिच्या फोनवर मेल टुणकला. "आलं, आलं!" तिने बोट टेकवलं, तोवर मेल गायब. "अहो, गेलं!"

"इथे परत आलं. हे सॉफ्टवेअर दर मिनिटाला पेटी रिकामी करतं. कामाला चोख आहे हं!"

तीनदा पत्र आलं, तीनदा घरी परतलं. शेवटी अण्णा म्हणाले, "तू आत जा. मी बघतो."

ती पडेल चेहऱ्याने आत गेली, तोच अध्यक्षबाईंचा संगणक टुणकला. त्या मोठ्याने वाचू लागल्या : "महोदया, आपली दिनांक चौदा व एकोणीसची दोन्ही पत्रे सोबत जोडली आहेत. दुसरे पत्र आमच्या घरी न उघडता पडून होते, याबद्दल दिलगीर आहोत."

सुनेने पेन्सिल काढली, नकाशा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दहा मिनिटांत उतार काढून दाखवला. अण्णांनी चूक इतक्या सरळपणे कबूल केल्यावर तिला लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि हात कसा मोकळा चालला! अध्यक्षबाईंनी नकाशा निरखला. "छान. मंजूर. पण मला सांगा, इतकं नीट टपाल ठेवणारं सॉफ्टवेअर कोणतं? आमच्याकडे सगळा गोंधळ आहे."

"सॉफ्टवेअर नाही हो," ती अभिमानाने म्हणाली, "सासरे आहेत."

सोमवारी अण्णा ग्रंथालयात रुजू झाले. आठवडाभरात समितीचं टपाल आरशासारखं लख्ख झालं. घरचा संगणक बंद असल्याने सुनेच्या पेटीत मात्र चारशे मेल साचले, आणि त्यांतला एक अण्णांचा होता : "तुमच्याकडून उत्तर नाही. कृपया आपले टपाल पाहत जावे."