सुट्या भागांची खुर्ची

माणिकपुरातल्या सॅन्टन सुताराच्या खुर्च्या कधी कुरकुरत नसत. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी विक्रीकर वाढला, तेव्हा कुरकुर सुरू केली ती गिऱ्हाइकांनी.

सॅन्टनने चौकशी केली. वाढीव कर तयार खुर्चीवर होता, सुट्या लाकडी भागांवर जुनाच.

"तयार खुर्ची म्हणजे जिच्यावर बसता येतं ती," तो बायकोला म्हणाला. "मी न बसता येणारी विकणार."

पहिले गिऱ्हाईक गॅब्रिएल मास्तर. त्यांच्या मुलीचं, जुलियानाचं लग्न होतं आणि व्याह्यांसाठी बारा खुर्च्या हव्या होत्या. कर वाचणार म्हणून मास्तर खूश झाले. मग बैलगाडीतून अठ्ठेचाळीस पाय, चोवीस हात, बारा बैठका, बारा पाठी आणि पिशवीभर खिळे येऊन अंगणात पडले.

"अरे, हे जोडणार कोण?"

"जोडून दिली की तयार झाली ना, मास्तर. तुमी भूमिती शिकवता. तुमाला काय अवघड?"

मास्तरांनी शेजाऱ्यांना बोलावलं. हातोड्या चार आणि मतं पंधरा, अशा थाटात काम झालं. मागचे पाय दोन बोटं आखूड असतात, हे एकट्या सॅन्टनला ठाऊक होतं, आणि सांगणं हा त्याच्या मते जोडणीचाच भाग होता.

लग्नाच्या दिवशी चर्चमधून वरात मांडवात आली. नवरदेवाचे वडील बेसिल मानाच्या खुर्चीवर बसले. आखूड पाय पुढे लागल्याने खुर्ची पुढे झुकलेली होती. ते हळूहळू घसरत, चेहऱ्यावरचा भाव न बदलता, थेट गुडघ्यांवर आले. व्याही इतके नम्र झालेले पाहून मास्तरही घाईने गुडघ्यांवर बसले. प्रार्थना सुरू झाली समजून सगळा मांडव गुडघे टेकून बसला. आधी उठायचं कोणी, म्हणून कोणीच उठेना. जेवण निवत चाललं. पाहुण्यांतला सॅन्टन सर्वांत घट्ट डोळे मिटून होता.

अखेर बेसिल म्हणाले, "झाली असेल प्रार्थना, तर मला एक चटई द्या."

मास्तरांना ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक खुर्ची सुटी केली, पायांची मापं घेतली आणि पुन्हा जोडली. ती उत्तम बसली. मग उरलेल्या अकरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी शेजाऱ्यांनाही शिकवलं. आतापर्यंत सॅन्टनकडून भाग नेणारे लोक हळूहळू वखारीतून सरळ लाकूडच आणू लागले.

सॅन्टनने मुकाट्याने पुन्हा तयार खुर्च्या मांडल्या. वाढीव कर पदरचा भरायचीही तयारी ठेवली. कोणी फिरकलं नाही.

एका दुपारी तो जेवायला घरी आला, तर स्वयंपाकघरातलं स्टूल दिसेना.

"पाय मोडला त्याचा," बायको मेरी भात वाढत म्हणाली. "मास्तरांकडे दिलंय."

"घरात सुतार असताना?"

"तुमी नुसता पाय आणून दिला असता," मेरी म्हणाली. "मास्तर बसवूनपण देतात."