सफेद्यातले मास्तर

बेळगुंदीच्या शाळेतल्या ज्योतिबा मास्तरांना लहानपणी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडावर, मानेवर, मनगटांवर वण राहिले. त्यापायी दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरं स्थळ जांबोटीचं. मुलगी बघायला जायच्या दिवशीच स्थळ आणणारे रवळूमामा तापाने पडले. मग मास्तरांबरोबर आण्णाप्पा निघाला. हा गावच्या नाटकात राणीचं काम करायचा, आणि येताना रंगाची पेटी घेऊन आला होता.

जांबोटीच्या अलीकडे ओढ्याकाठी त्याने बैलगाडी थांबवली.

"मास्तर, खाली बसा. वणांमुळं नकार येतोय न्हवं? मग वणच बुजवू."

"कळलं तर रं?"

"मी लुगडं नेसून हुबारलो तर आमच्या पाटलानं 'या बाई' म्हटलंतं. गप बसा."

खोबरेल तेलात कालवलेला सफेदा आधी गालांवर चढला, मग मानेवर, मग मनगटांवर. पेटीतल्या आरशात बघून मास्तर दचकले. आत कुणी भलताच गृहस्थ होता.

मुलीचे वडील भावकू अंगणात उभे होते. "या पावणं. हातपाय, तोंड धुवा."

मास्तरांनी फक्त पाय धुतले. गुळाचा चहा आला, त्याची वाफ तोंडावर येऊ लागली, म्हणून त्यांनी कप हातभर लांब धरला. तेवढ्यात कानामागून घामाचा ओघळ निघाला. तो पुसायची सोय नव्हती.

भावकू त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. दाराआडून त्यांची बायको शालूबाईही बघत होती. दोघं आत जाऊन कुजबुजली आणि बाहेर आली.

"रवळूआण्णा का आलं न्हाईत?"

"ताप आलाय त्यास्नी," आण्णाप्पा म्हणाला.

"व्हय? नेमका आजच?" भावकूंनी मास्तरांकडे बोट केलं. "त्यास्नी आमाला सरळ सांगितलंतं, मुलग्याच्या तोंडावर देवीचं वण हाईत. आमी म्हटलं, असूंदेत, माणूस चांगला हाय. आणि तुमचं तोंड तर लोण्याच्या गोळ्यागत!"

"माझ्या भनीच्या लेकीला असंच फसवलं," शालूबाई कडाडली. "दावला एक, बोहल्यावर हुबा केला दुसराच! खरा मास्तर कुठं लपवलाय?"

"अहो, मीच मास्तर!"

"मग सतराचा पाढा म्हणा."

मास्तरांनी न अडखळता म्हटला.

"पढवून आणलाय," शालूबाई म्हणाली.

भावकूंनी शेजारच्यांना हाक मारली. दोघं धावत आले, ते काठ्या घेऊनच. आण्णाप्पा हळूहळू गाडीकडे सरकू लागला. तोंड झाकलं तर मार, उघडलं तर तिसरा नकार. अखेर मास्तर पुटपुटले, "तोंड धुवायला पाणी द्या."

पण तेलातला सफेदा पाण्याने निघेना. नुसते पांढरे ओघळ सदऱ्यावर आले. शेजारचा एकजण काठी उगारायच्या बेतात होता, तेवढ्यात मुलगीच, मनू, तेलाची वाटी आणि फडकं घेऊन बाहेर आली.

सगळ्यांसमोर मास्तर तोंड पुसू लागले. एक वण दिसला, दुसरा दिसला, मग सगळा गाल.

"आगं बाई, ह्योच की त्यो!" शालूबाई आनंदाने ओरडली. काठ्या खाली आल्या. भावकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. शेजाऱ्यांनीही जवळ येऊन वण नीट पारखले आणि माना डोलावल्या. मान खाली घालून होते ते एकटे मास्तर.

"मने, बघितलंस न्हवं?" भावकूंनी विचारलं. "काय म्हणतीस?"

"पयला दिसायला बरा हुता," मनू म्हणाली.

मास्तरांच्या हातातलं फडकं गळून पडलं.

मनूने ते उचलून घेतलं. "पर त्यो आमच्या पावसात टिकला नसता. ह्योच असूंदे."