पत्त्यांखालचं पाणी

रंगनाथराव पत्ता निवडण्याआधी तळहातावर नारळ ठेवतात. सोललेला, शेंडी राखलेला, आडवा, शेंडी बोटांकडे. मग डोळे मिटून तो हात टेबलावर मांडलेल्या तीन पत्त्यांवरून सावकाश फिरवतात. नारळ ज्या पत्त्यावर उभा राहायला बघेल तो घ्यायचा. कुठंच हलला नाही तर तिन्ही परत. तेवढ्या वेळात माझी बायको मंजिरी आत जाऊन कुकर लावून येते.

ते आमच्या वरच्या मजल्यावर, मुलाकडे राहतात. मूळ वैजापूरकडचे. सगळी उमर पाणाड्या म्हणून गावोगाव हिंडले, विहीर कुठं खोदायची, बोअर कुठं घ्यायचा ते सांगत. आता इथं शहरात, गारखेड्यात, सांगण्यासारखी जमीन उरलेली नाही. नळाला पाणी यायच्या दिवशी मात्र ते खाली टाकीपाशी उभे असतात आणि पाणी यायच्या आधीच "निघालं" म्हणून जाहीर करतात. कधी खरं ठरतं. कधी सगळी इमारत बादल्या घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. त्यांना त्याचं काही वाटत नाही. पाणी निघालंय, वाटेत कुणीतरी अडवलं असेल, असं म्हणून ते जिना चढतात.

पत्त्यांचा खेळ मला चितेगावच्या कंपनीतल्या एका मित्रानं शहर सोडताना देऊन टाकला होता. त्यात एकमेकांना हरवायचं नसतं. आपण सगळे एका बाजूला आणि टेबलावरची एक काळी गड्डी दुसऱ्या बाजूला. सगळ्यांनी मिळून एका जुन्या भुयारात मजला मजला खाली उतरत जायचं. काळ्या गड्डीतून एकेक संकट निघतं आणि आपण हातातल्या पत्त्यांनी त्याला तोंड देतो. मजला पार झाला की प्रत्येकाला एक गोष्ट करता येते. समोरच्या तिनातला एक नवा पत्ता घ्यायचा, किंवा जुना एखादा उलटून त्याची सुधारलेली बाजू वापरायला काढायची, किंवा नकोसा पत्ता कायमचा टाकून द्यायचा. आपल्यातला एक मेला की सगळे हरले.

एका रविवारी दुपारी रंगनाथराव इमारतीच्या पाण्याच्या मोटारीच्या वर्गणीचं विचारायला आले आणि दारातच थांबले. मी खेळ समजावून सांगितला. त्यांनी काळ्या गड्डीकडे जरा वेळ पाहिलं, "ही तर विहीर हाय," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. तेव्हापासून रविवार त्यांचा.

मी अभियंता माणूस. प्रत्येक पत्त्याची सरासरी काढतो. रंगनाथरावांचं शास्त्र वेगळं. साधे, कमी जोराचे पत्ते म्हणजे मुरूम. दिसायला भारी, पण वापरायला महाग पत्ते म्हणजे काळा पाषाण. आणि नेमक्या वेळी हातात यावा असा पत्ता म्हणजे पाणी. "गड्डी जाड झाली की पाणी खोल जातं, इंजिनेर," असं ते मला दर रविवारी ऐकवत. मी चकाकणारे नवे पत्ते गोळा करत सुटायचो आणि हवा तो पत्ता तळाशी अडकून बसायचा. ते मात्र आधी मुरूम काढून टाकायचे. गड्डी एवढीशी, पण फिरून फिरून तेच चांगले पत्ते वर. इथं त्यांचं बरोबर होतं, हे मला मान्य करावं लागलं.

पण पत्ता सुधारायची वेळ आली की त्यांच्यापुढे हात टेकायचे. 'दोर' नावाचा एक पत्ता होता. तो टाकला की सोबत्यावर येणारा घाव आपण घ्यायचा आणि त्याला एक मजला वर ओढायचा. रंगनाथराव मिळेल तेव्हा दोर घेत, नाहीतर असलेला दोर उलटून सुधारत. त्यांच्याजवळ दोरच दोर झाले. मारायला एक काठी. त्यापायी आम्ही कितीदा हरलो. मी चिडून एकदा म्हणालो की दोरानं काही मरत नाही.

"मारायला तुम्ही हायत की," ते म्हणाले. "वर काढायला कोण हाय?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्यांच्या काही गोष्टींनी खोलीतली हवा बदलायची. काळ्या गड्डीला ते 'खालचा' म्हणत आणि तिला कुणी नावं ठेवलेली त्यांना चालत नसे. पंखा बंद करायला लावत. वरचा पत्ता उलटण्याआधी तिच्यावर तळहात टेकवून काढून घेत आणि हळू आवाजात सांगत, आज गार हाय, किंवा आज जागा हाय. एकदा ते हात धुवायला गेले असताना मी गंमत म्हणून गड्डीला हात लावून पाहिला. मे महिना, टेबलाची काच तापलेली. गड्डी गार होती. माठाजवळ ठेवली म्हणून असेल, अशी मी समजूत काढली. माठ स्वयंपाकघरात होता.

आणि त्यांचा तो नियम. खेळात कुणी एकटं खालच्या मजल्यावर गेलं की ते मधूनमधून विचारायचे, "हाय?" म्हणजे आहेस ना, जिवंत आहेस ना. त्यावर 'हाय' असं उत्तर द्यायचं नाही. दुसरं काहीही चालेल. हातात किती पत्ते आहेत ते सांगा, भाजी कसली केली ते सांगा. मी एकदा चुकून 'हाय' म्हणालो तर ते उठून आले, माझ्या खांद्याला हात लावून पाहिला आणि परत जागेवर जाऊन बसले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. का, म्हणून विचारलं तर त्यांनी पत्ते पिसायला घेतले.

मग ती दुपार. वीज गेलेली, उन्हासाठी पडदे ओढलेले. आम्ही पहिल्यांदाच शेवटच्या मजल्याच्या दारात पोचलो होतो. रंगनाथरावांपुढे तीन पत्ते आले, त्यात 'भडका' होता. मी मनात हिशेब केला. भडका घेतला की खेळ आमचा. त्यांनी नारळ फिरवला आणि भडक्यावर आल्यावर शेंडी उचलली गेली. मी बघत होतो. मंजिरीही बघत होती. नारळ त्यांच्या हातावर उभा राहिला.

त्यांनी डोळे उघडले, नारळ खाली ठेवला, भडका बाजूला सारला आणि एक दोर उलटला.

मी म्हणालो, नारळानंच तर सांगितलं.

"नारळ पाणी दाखवतो," ते म्हणाले. "त्या पाण्यापाशी उतरणाऱ्याचं काय होणार, ते दाखवत नाय."

मंजिरी शेवटच्या मजल्यावर आधी उतरली. तिच्या हातात अवघड पत्ते होते, ती मान खाली घालून विचार करत होती. रंगनाथरावांनी विचारलं, "हाय?" तिनं ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"हाय."

आवाज खालून आला. मी मंजिरीकडेच पाहत होतो, तिचे ओठ मिटलेले होते. तिनं दचकून वर पाहिलं, म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. आमच्या खालच्या घरातलं कुणीतरी फोनवर कुणाला 'हाय' म्हणालं असेल, हे माझ्या डोक्यात लगेच आलं, आणि मी तेच मोठ्यानं म्हणत जिना उतरलो. जिन्यात कुणी नव्हतं. खालच्या घराला कुलूप. पार्किंगमध्ये जमिनीतल्या टाकीचं झाकण अर्धं सरकलेलं होतं. ते मी बसवलं. आत डोकावलो नाही.

परत आलो तर रंगनाथरावांनी मंजिरीचं मनगट घट्ट धरलं होतं. तिला तिचं नाव सांगायला लावत होते. तिनं शाळेत सांगतात तसं वडिलांच्या नावासकट पूर्ण सांगितलं, तेव्हा सोडलं.

पाणी प्यायल्यावर ते बोलले. आमच्याकडे न बघता, गड्डीकडे बघत. सखाराम नावाचा त्यांचा जोडीदार होता. रंगनाथराव जागा दाखवायचे, सखाराम खाली उतरायचा. एकदा सखारामच्याच शेतातली जुनी विहीर उपसायची होती. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत हवा वाईट असते, म्हणून माणसाच्या आधी पेटता कंदील सोडतात. विझला तर उतरायचं नाही. तो कंदील सोडायचं काम रंगनाथरावांचं. त्या दिवशी ते विसरले. सखाराम उतरला. वरून ह्यांनी हाक दिली, "सखाराम, हाय?" खालून आलं, "हाय." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. असं ते विचारत राहिले आणि खालून उत्तर येत राहिलं, म्हणून निर्धास्त होते. दोर ओढला तेव्हा सखाराम कधीचा गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, उतरल्या उतरल्या गेला असणार.

"लोक म्हणले, तुझाच आवाज घुमून येत व्हता," रंगनाथराव म्हणाले. "असंल. पण मी विचारत व्हतो अन् ते सांगत व्हतं. विचारण्यात अन् सांगण्यात फरक असतो."

खेळ तसाच उचलून ठेवला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मुलाकडे चौकशी केली तर कळलं, गावी गेलेत, दर महिन्याला जातात, सखारामच्या बायकोकडे, गिरजाबाईंकडे. येताना एसटीत गुडघा धरतो, पण ऐकत नाहीत. मंजिरी म्हणाली, आपण गाडीनं घेऊन येऊ.

सखारामचं शेत वैजापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून होतं. कांदा निघून गेलेला, रान मोकळं. रंगनाथराव विहिरीपाशी एका दगडावर बसले होते, विहिरीकडे पाठ करून. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. विहिरीवर लोखंडी जाळी होती, ती त्यांनीच बसवून दिलेली. मी जाळीवर वाकलो. पाणी खूप खाली, काळं, आणि एवढ्या उन्हात चेहऱ्याला गारवा लागला. काहीतरी बोलून बघावं असं मनात आलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

गिरजाबाईंनी शेतातल्या पत्र्याच्या घरात चहा केला. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर, झपाझपा चालणाऱ्या. रंगनाथराव त्यांच्याशी फारसं बोलले नाहीत. मोटार नीट चालते का, पत्रा गळतो का, एवढंच. मग त्यांनीच उठून मोटारीची वायर तपासली, पत्र्यावर एक दगड नवा ठेवला. मंजिरी आत कपबश्या विसळायला गेली ती बराच वेळ आली नाही.

परतीच्या वाटेवर रंगनाथराव मागच्या सीटवर बसले होते. गाडी बरीच पुढे आल्यावर त्यांनी विचारलं, "आत काय म्हणत व्हती ती?"

"लोणच्याची रीत सांगत होत्या," मंजिरी म्हणाली.

त्यांनी मान हलवली. तिच्या हाताला चव हाय, म्हणाले, आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर त्यांना वर सोडलं, दार लावलं, तेव्हा मंजिरीनं मला सांगितलं. गिरजाबाई त्या दिवशी न्याहारी घेऊन बांधावर आल्या होत्या. कंदील सोडलेला त्यांनी पाहिला होता. तो विझून वर आलेलाही पाहिला होता. रंगनाथराव आज नको, आज नको म्हणत सखारामचा दंड धरत होते आणि सखाराम, वाऱ्यानं विझला असेल, असं म्हणत हसत उतरला होता. नंतर पंचनाम्यात, गावात, सगळीकडे रंगनाथरावांनी सांगितलं की कंदील सोडायला आपणच विसरलो. मेलेल्या माणसाला कुणी येडा म्हणू नये म्हणून. बांधावर कुणी उभं होतं, हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

मंजिरीनं त्यांना विचारलं होतं, मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?

"सांगून टाकावं असं लई येळा मनात आलं," गिरजाबाई म्हणाल्या होत्या. "पण मग भाऊंना इकडं यायला कारण काय राहील, पोरी?"

मंजिरी एवढं बोलली आणि वर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. आम्ही दोघांनीही छताकडे पाहिलं. हे त्यांना कधीच कळू द्यायचं नाही, हे तिनं सांगितलं ते माझ्या कानाशी येऊन, अगदी हळू आवाजात.