मासे सोडलेलं घर

दारात उभ्या असलेल्या मुलीने "मी समुद्रावर संशोधन करते" असं सांगितलं, तेव्हा मनोहररावांनी जाळीचं दार उघडलं नाहीच, उलट कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं. हुडकेश्वरात समुद्राचं काय काम? इथे नळाला पाणी येत नाही म्हणून अख्खी गल्ली एका बोअरवेलवर जगते.

"ओळखपत्र दाखव," ते म्हणाले.

तिने दाखवलं. नाव मयुरा, कोकणातल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. समुद्रातल्या मोठ्या माशांच्या अंगात पारा साठतो, तो खाणाऱ्यांच्या अंगात किती उतरतो, हे ती मोजत होती. कोळ्यांची तपासणी झाली होती. आता तुलनेसाठी समुद्रापासून लांबची, मासे अजिबात न खाणारी माणसं हवी होती.

"तुम्ही मासे खाता का, काका?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकाएकी थांबला. मनोहररावांच्या मनात पाल चुकचुकली. ही पोरगी बायकोने, भागीरथानेच तर पाठवली नसेल? मुलाला, पियुषला, नोकरी लागत नव्हती, तेव्हा नवरा-बायकोने कोराडीच्या देवीपुढे मासे सोडले होते. पियुष नोकरीला लागला, आणि मनोहरराव दर रविवारी जुन्या कंपनीतल्या मित्रांना भेटायला हिंगण्याला जाऊ लागले. तिथल्या खानावळीत सुरमई फार छान मिळते, हे तेवढं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. कळलं असतं, तर उद्या पियुषला साधी शिंक आली तरी खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं असतं.

"मासे? नावही काढत नाही आम्ही!" स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले.

"मग मला तुम्हीच हवे होतात! दोघांचेही थोडे केस द्या."

"केस?" भागीरथाबाई झाऱ्यासकट बाहेर आल्या. "केस काहून पाहिजे वं तुले? करणीबिरणी करून राहिली का?"

"नाही हो काकू. खाल्लेल्या माशांतला पारा केसांत उतरतो. प्रयोगशाळेत लगेच दिसतो."

मनोहररावांचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला. पण आता माघार घेतली असती तर चोरी उघडीच पडली असती. भागीरथाबाई डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होत्या.

"तुम्ही घाबरून काहून राहिले?"

"मी? मी कशाले घाबरू? तूच त घाबरून राहिली!"

"मले काय धाड भरली घाबराले?"

शेवटी एकमेकांवर नजर ठेवून दोघांनीही केस दिले.

मयुरा परत आली ती मेच्या ऐन उन्हात, आणि चेहरा पाडूनच. "काका, घरातल्या एका नमुन्यात कोळ्यांइतका पारा निघालाय. तुम्ही तर मासे खात नाही. म्हणजे तो पाण्यातूनच येत असणार. तपासणी होईपर्यंत बोअरवेल बंद करायला मी आजच कळवते."

मनोहररावांना घाम फुटला. पाण्याचा गल्लीला तेवढाच आधार. त्यात शेजारच्या प्रेमानंदच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, दारात मांडव पडलेला. एका सुरमईपायी वऱ्हाड तहानलेलं राहणार?

"नको कळवू, बाई," ते कसेबसे म्हणाले. "पाणी चांगलं आहे. मीच खातो मासे. हिंगण्याले."

"तरीच!" भागीरथाबाई कडाडल्या. "तरीच पोराचं प्रमोशन अटकलं! देवीसमोर सोडले अन् हिंगण्याले जाऊन गिळले! मले पयलेपासूनच डाऊट होता!"

मनोहरराव मान खाली घालून ऐकत राहिले. लाज वाटत होती, पण जीव हलकाही झाला होता. निदान गल्लीचं पाणी तरी वाचलं.

मयुरा गोंधळून कागद चाळू लागली. "पण काका, तुमच्या केसांना कलप होता. तो नमुना आम्ही बादच केला. हा अहवाल काकूंचा आहे."

मनोहररावांनी हळूहळू मान वर केली. भागीरथाबाईंनी मात्र पापणीही लवू दिली नाही. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"पाहा! मंग त पाण्यातच हाय ते! बंद कर वं पोरी, आजच्या आज बंद कर!"

पुढे महिनाभर गल्लीत टँकर येत राहिला. नवस मोडणारा माणूस म्हणून घरच्या बादल्या मनोहररावांनी भरल्या, आणि प्रेमानंदच्या मांडवातल्याही. भागीरथाबाईंना पाण्याचे हे हाल बघवेनात. त्या कामठीला बहिणीकडे राहायला गेल्या. बहिणीचं घर मासळीबाजाराला अगदी लागून आहे.