पूर्णिमाबाईंच्या टायपिंग क्लासची कैफियत

करवीरनिवासिनीचे चरणी मस्तक ठेवून लिहिण्यास आरंभ केला असे. शके एकोणीसशे वीस, बहुधान्य नाम संवत्सरी, कोल्हापूर मुक्कामी, राजारामपुरीच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर जी मोहीम जाहली तीत कोण लढले, कोण लपले आणि कोण नापास जाहले, याचा साद्यंत मजकूर येथे आहे. ज्यांनी डोळां पाहिले त्यांनी थोडे सांगितले, ज्यांनी पाहिले नाही त्यांनी पुष्कळ सांगितले, मग दोहोंच्या मधले जे उरले ते बखरकाराने कागदावर घातले.

पूर्णिमाबाई मूळच्या नेसरीच्या. यजमान कैलासवासी जाहल्यावर त्यांचा टायपिंग क्लास बाईंनी हाती घेतला आणि चौदा वर्षे असा राखिला की बाईंच्या सहीचा दाखला म्हणजे कोर्टकचेरीत चालणारे खणखणीत नाणे. हुकूम असा की तीसचा वेग म्हणजे तीस, एकोणतीस नव्हे. मामलेदाराची भाची असो की आमदाराचा पुतण्या, चुका जास्त जाहल्या तर बाईंनी मुलाहिजा न ठेवता नापास लिहावे, आणि भाचीने जिन्यात बसून रडावे, आणि दुसरे दिवशी पुन्हा मशीनवर बसावे, ऐसा शिरस्ता होता. परंतु काळ फिरला. गल्लोगल्ली कॉम्प्युटरवाले आले, त्यांनी वातानुकूलित दालने थाटली, मग टंकयंत्रांची फौज पांगली. सकाळच्या बॅचला अकरा मुली तेवढ्या उरल्या. दुपारी पंधराच्या पंधरा यंत्रे झाकणे घालून तोफांसारखी थंड पडून राहात.

ऐसे समयी हंबीरराव चेअरमन यांचे आगमन जाहले. हे राधानगरीकडील मातबर असामी, एका दूधसंस्थेचे माजी चेअरमन, वय छप्पन्न, देह भारी, आवाज त्याहून भारी. त्यांस आणि त्यांच्या स्नेहीमंडळास तीन पानी खेळण्याचा शौक. शेतातल्या घरी खेळावे तर बायका येतात, लॉजवर खेळावे तर पोलीस येतात, म्हणून भर दुपारी, भर वस्तीत, जेथे कोणाचा संशय पोहोचणार नाही ऐशी जागा पाहिजे होती. चेअरमन यांनी बाईंपुढे तजवीज मांडली की दुपारी एक ते पाच क्लास आम्हांस द्यावा, आणि दर डावामागे घरधन्याचा हिस्सा, ज्यास नाल म्हणतात, तो बाईंनी घ्यावा. बाईंनी तीन दिवस विचार केला. चौथे दिवशी जागामालक भाडे वाढवून गेला, आणि बाईंनी होकार दिला.

मग जो बंदोबस्त बाईंनी लाविला तो पाहून भलभल्यांनी तोंडात बोट घालावे. रजिस्टरात पाच मातबरांची नावे दुपारच्या बॅचचे विद्यार्थी म्हणून दाखल जाहली आणि रीतसर फी घेतली गेली. जिन्याच्या पायरीवर बाईंची मावशी धोंडुबाई गवारी मोडीत पहाऱ्यास बसे. आत डाव रंगला की बाई स्वतः कोपऱ्यातल्या मशीनवर बसून अखंड टायपिंग करीत, जेणेकरून खालच्या दुकानदारास वाटावे, विद्या चालू आहे. उधारीवर खेळ नाही, दारू नाही, शिवी नाही, आणि लबाडी दिसली तर पान कायमचे बंद, हा बाईंचा कायदा. तो इतका कडक की खेळाचे नाव पंचक्रोशीत जाहले, गारगोटीहून निरोप येऊ लागले, आणि डाव चढत चढत अंगठीवरून गाडीवर आणि गाडीवरून जमिनीवर गेले. बाईंच्या हाती पैका खेळू लागला. परंतु सकाळी त्या अकरा मुलींपुढे उभे राहताना आपला आवाज पूर्वीइतका चढत नाही, हे बाईंचे बाईंस कळत होते, आणि ते त्या कोणापाशी बोलल्या नाहीत.

श्रावण वद्य पक्षातली गोष्ट. दुपारचे तीन जाहले होते. तिघा गड्यांनी पाने टाकून दिली होती आणि रणात दोघेच उरले होते. एक हंबीरराव, दुसरे सयाजीराव ट्रकवाले, ज्यांच्या चार मालगाड्या गोव्याच्या वाटेवर चालत. हे दोघे बालपणापासूनचे मित्र आणि तेव्हापासूनचेच वैरी. सयाजीरावांनी नव्या ट्रकची चावी टेबलावर ठेविली. हंबीररावांनी खिशातून अकरा गुंठ्यांच्या प्लॉटचा उतारा काढून चावीवर ठेविला. पंखा तेवढा फिरत होता आणि बाईंची बोटे तेवढी चालत होती.

इतक्यात जिन्यावरून धोंडुबाईंचा आवाज आला, "पावणं, कुणाकडं आलायसा?" आणि तो इतका मोठा की तिसऱ्या गल्लीतले कुत्रे उठून बसले.

ही इशारत होती. बाई बिजलीसारख्या उठल्या. टेबलावरची पाने, हातांतली पाने, दोघा वीरांची न दाखविलेली तीन-तीन पाने, सगळी एका ओंजळीत गोळा करून त्यांनी पाण्याच्या माठात सोडिली आणि वर झाकण ठेविले. चावी आणि उतारा कपाटात गेला. मग बाईंनी नुसत्या बोटाने मशीने दाखविली, आणि ज्यांनी जन्मात फक्त अंगठे उठवून घेतले होते ते पाच मातबर कधी नव्हे ते टंकयंत्रांपुढे बसते जाहले.

दार उघडून फौजदार प्रसेनजीत आत आले. बरोबर दोन शिपाई. वय तिशीच्या आतबाहेर, गणवेशाला कडक इस्त्री, बोलणे थोडे. त्यांस निनावी पत्र आले होते की येथे जुगाराचा अड्डा आहे. पाहतात तो पाच प्रौढ गृहस्थ घामाघूम होऊन एकेका बोटाने एकेक अक्षर ठोकीत आहेत. फौजदारांनी विचारले की हे कोण. बाईंनी सांगितले, दुपारची बॅच. फौजदारांनी हंबीररावांस विचारले की या वयात टायपिंग कशासाठी.

"इद्येला वय नसतं की साहेब," हंबीरराव म्हणाले, आणि एक अक्षर अधिक जोरात ठोकिले.

फौजदारांनी रजिस्टर मागविले. ते चोख होते. मग त्यांनी पाणी मागितले. शिपाई माठाकडे वळला आणि सयाजीरावांचा चेहरा चुन्यासारखा जाहला. तेव्हा दारातून धोंडुबाई म्हणाल्या की माठात आत्ताच पाल पडली, थांबा, शेजारून आणते. शिपायाने हात मागे घेतला. शेजारचे पाणी आले, फौजदार शांतपणे प्याले, तांब्या खाली ठेविला आणि मग खरा हल्ला केला. रजिस्टराप्रमाणे या विद्यार्थ्यांस चार महिने जाहले आहेत. चार महिन्यांत तीसचा वेग येतोच. तर आता सात मिनिटांची परीक्षा घ्यावी, बाईंनी तपासावी, आणि क्लासच्या कागदावर प्रत्येकाचा निकाल सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावा. लायक ठरले तर मी निघालो. न ठरले, तर हे लोक चार महिने येथे काय करीत होते, याचा जबाब चौकीत घेऊ.

फौजदारांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि हात खाली केला. मग जे युद्ध जाहले त्याचे वर्णन काय करावे. दांड्या एकमेकींत अडकल्या, फिती गुंतल्या, सयाजीरावांचा कागद तिरपा होऊन थेट छताकडे निघाला, एका मातबराने ओळ संपल्याची घंटा वाजताच दचकून रामराम घातला. हंबीररावांची बोटे मुळी जाड, एक दाबावे तर तीन अक्षरे उमटत. सात मिनिटे सरली तेव्हा पाचही वीर छाप्यापेक्षा परीक्षेनेच अधिक घायाळ जाहले होते.

कागद बाईंच्या हाती आले. हंबीरराव डोळ्यांनी सारखे खुणावीत होते की पास करा, एकदाचे पास करा. बाईंस सर्व दिसत होते. नापास लिहिले तर क्लासला सील लागणार, आणि अकरा मुलींचे सरकारी परीक्षेचे फॉर्म याच क्लासच्या शिक्क्याने जायचे होते. पास लिहिले तर फौजदार निघून जाणार. पाच शब्दांचे काम. बाईंनी पेन उचलले. परंतु हंबीररावांच्या कागदावर पेन टेकताच त्यांस संघप्रिया आठवली. सकाळच्या बॅचमधली, रोज पहाटेच्या एसटीने गडहिंग्लजहून येणारी, चाळीसच्या वेगात दोनदा बाईंनीच नापास केलेली, तिसऱ्या खेपेस पास जाहलेली, आणि तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेणारी. त्या दाखल्यावर जी सही होती तीच सही या चिंधड्यांवर करायची होती. जुगाराचा हिस्सा घेताना बाई अडल्या नव्हत्या. या सहीपाशी त्या अडल्या.

बाईंनी पाचही कागद तपासिले. प्रत्येक चूक गोल करून मोजिली, घाई म्हणून केली नाही. हंबीरराव, चुका एकशे त्रेचाळीस, नापास. सयाजीराव, चुका एकशे एकोणीस, नापास. उरलेले तिघे, नापास, नापास, नापास. खाली सही, शिक्का, तारीख. कागद फौजदारांपुढे ठेवून बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मनातल्या मनात कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या ते ठरवून टाकिले.

फौजदारांनी पाचही कागद वाचिले. पुन्हा वाचिले. मग म्हणाले की मीही गारगोटीच्या क्लासात दोनदा नापास जाहलो होतो, तेव्हाच्या सरांचा मला फार राग आला होता.

"बोगस क्लासात कुणी नापास होत न्हाई, बाई," फौजदार म्हणाले.

मग त्यांनी शिपायांस खूण केली, आणि जाता जाता हुकूम दिला की या पाच विद्यार्थ्यांची प्रगती पाहण्यास आपण दर गुरुवारी दुपारी जातीने येऊ, एकही गैरहजर नसावा. फौजदारांस सारे उमगले होते की काहीच उमगले नव्हते, याविषयी कोल्हापुरात आजही दोन पक्ष आहेत. बखरकार पहिल्या पक्षात आहे.

फौज परतली आणि आत नवे रण पेटले. हंबीरराव म्हणाले, माझ्या हाती तीन राजे होते, चावी माझी. सयाजीराव म्हणाले, माझ्या हाती तीन एक्के होते, प्लॉट माझा. पाने तर माठात लगदा होऊन बसली होती. आणि या भांडणात हळूहळू दुसरेच दुःख वर आले, ते असे की एकाच्या चुका एकशे त्रेचाळीस आणि दुसऱ्याच्या एकशे एकोणीस. सयाजीरावांनी हे दोनदा बोलून दाखविले. हंबीररावांस प्लॉटाचे एवढे लागले नाही जेवढे हे लागले. माजी का होईना, चेअरमन माणूस, त्यास आजवर कोणी कशात नापास केले नव्हते, कारण कशाची परीक्षाच दिली नव्हती.

बाईंचे डोके आधीच भणभणत होते. त्यांनी टेबलावर हात आपटला. "आजपासनं इथं पान फिरणार न्हाई," त्या म्हणाल्या. "सरकारी परीक्षेत तीसचा पेपर जो आधी काढंल, चावी आन् प्लॉट त्याचा. पटत नसंल तर जिना तिकडं हाय."

बाईंस वाटले होते की दोघेही उठून जातील आणि ही ब्याद टळेल. परंतु दोघांनीही एकमेकांकडे पाहिले, आणि दोघांसही समोरचा गडी ठोंब्या वाटला, आणि दोघांनीही होकार दिला.

तेव्हापासून जी तालीम चालली ती मोतीबाग तालमीतही पाहावयास मिळणार नाही. गुरुवारी फौजदार येत, मागे उभे राहत, काही न बोलता जात. इतर तिघे खेळगडी महिन्यात पांगले. नालेचे उत्पन्न बुडाले आणि बाईंनी कानातली फुले विकून भाडे भरिले. परंतु बातमी फुटली की चेअरमन टायपिंग शिकतात, त्यावरून लोकांनी तर्क केला की सरकारची काहीतरी मोठी योजना येत आहे, आणि संस्थांचे सचिव, ग्रामसेवक, दोन माजी सरपंच असे लोक फी घेऊन दारात उभे राहिले. बाईंनी योजना नाही म्हणून सांगितले, तर त्यांस वाटले बाई लपवितात. दिवाळीपर्यंत पंधराही मशीने दुपारी भरली. शिकवायला संघप्रियेस पगारावर ठेविले. तिने हंबीररावांस पहिल्या दिवशी सांगितले की करंगळीचा उपयोग मिशीला पीळ देण्याखेरीजही आहे.

मार्गशीर्षात परीक्षा जाहली. सयाजीराव पास. हंबीरराव नापास, चुका बेचाळीस. निकालाच्या दिवशी सयाजीराव क्लासात आले, कपाट उघडवून घेतले, चावी खिशात घातली आणि प्लॉटचा उतारा हंबीररावांच्या मशीनवर ठेविला. हंबीररावांनी मान वर केली नाही.

"ठेव तुझा प्लॉट," सयाजीराव म्हणाले. "तुला नापास बघितलं, माझं भागलं."

यावर चेअरमन यांनी प्लॉट घ्यावा आणि घरी जावे, हा शहाण्याचा मार्ग होता. त्यांनी उतारा उचलून खाली ठेविला, नवा कागद चढविला आणि सराव पुढे चालू केला. बाई कोपऱ्यातून पाहत होत्या. समोरच्याने ट्रक लाविला, आपण जमीन लाविली, तेव्हा ज्याच्या कपाळावर आठी आली नाही, तो आता टायपिंगच्या एका उताऱ्यासाठी ओठ चावीत बसला होता. बाई उठल्या, त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मनगटे वर उचला, एवढेच म्हणाल्या.

पुढल्या उन्हाळ्यात, शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरी, हंबीरराव चेअरमन यांनी तीसचा गड सर केला. गुण बावन्न. राधानगरीहून दोन जीपगाड्या भरून माणसे आली, हलगी कडाडली, सयाजीरावांनी स्वखर्चाने पेढे आणिले आणि चेअरमन यांस खांद्यावर घेऊन लोक जिना चढू लागले. बाईंनी दारात आडवा हात लावून स्वारी अडविली.

"गुलाल बाहेर," त्या म्हणाल्या. "मशीनीत गेला तर साडेचारची बॅच बसायची कुठं?"

मग सर्वांनी अंग झाडून, चपला काढून, एकेकाने आत यावे ऐसा ठराव जाहला आणि तो पाळला गेला. येणेप्रमाणे करवीर प्रांती हंबीरराव चेअरमन यांची फत्ते जाहली, ती रजिस्टरात पूर्णिमाबाईंनी स्वहस्ते नोंदविली. वेग तीस, चुका अकरा, शेरा : करंगळी अजून कच्ची.