दोन सह्यांचं दार

होटगी रोडवरच्या शेंगाचटणीच्या कंपनीत सकाळी सकाळी संचालक राजशेखर बाथरूममध्ये अडकले. आतली कडी काही केल्या निघेना.

"रुद्राणी, सुताराला बोलव! दार तोडू दे!"

हिशेब बघणारी रुद्राणी दाराशी आली. "साहेब, दार कंपनीचं हाय. मोडतोडीला दोन्ही संचालकांच्या सह्या लागत्यात. तुमीच करारात घातलंय की. मागं एका सहीवर ट्यूब बदलली, तर माझ्या पगारातनं कापली."

कंपनीत निम्मे शेअर राजशेखरांचे, निम्मे मेहुण्याचे, म्हणजे गुरप्पाचे. गुरप्पाने एकदा न विचारता गोडाऊनची भिंत पाडली, तेव्हा राजशेखरांनी वकील गाठून हा करार करून घेतला होता. तेव्हापासून दोघांचं कशावरही एकमत झालं नव्हतं. आणि आज हैदराबादचे दोन मोठे खरेदीदार यायचे होते.

गुरप्पा आला. त्याला घाई नव्हती. "सही करतो की, दाजी. पर नव्या मशिनीचा ठराव बी सोबतच होऊन जाऊ दे." त्याने दोन्ही कागद आणि पेन दाराखालून आत सरकवले.

"मी आत, तू भाईर. ही सभाच न्हाय!" आतून उत्तर आलं. "दोघं एकाच खोलीत पायजेत. करार वाच."

गुरप्पाही इरेला पेटला. मागच्या बाजूला स्टूल लावून तो खिडकीतून आत उतरला. सभा आता कायदेशीर झाली. फक्त परत चढायला आत स्टूल नव्हतं. मग अध्यक्ष कोण, यावर भांडण जुंपलं. ते बाहेर येऊन बसलेल्या खरेदीदारांना स्पष्ट ऐकू जात होतं.

दुपार होत आली, तशी राजशेखरांची बायको, गुरप्पाची थोरली बहीण निंगव्वा दोघांचं जेवण घेऊन आली. रुद्राणीने सगळं सांगितलं. निंगव्वाने डबा एका खरेदीदाराच्या हातात दिला, पदर खोचला आणि खांद्याने असा धक्का दिला की कडीसकट फळी निघाली.

"कुनाला इच्यारून तोडलंस?" राजशेखर बेसिनला चिकटून ओरडले.

"मी तुमच्या कंपनीत न्हाय. मला कुनाची सही लागती?"

दाजी-मेहुण्याने एकमेकांकडे पाहिलं. करारानंतरचा पहिला एकमताचा ठराव त्याच फळीवर कागद ठेवून मंजूर झाला: दाराची भरपाई निंगव्वाकडून घ्यावी.

निंगव्वाने ठराव शांतपणे वाचला आणि ती खरेदीदारांकडे वळली.

"बसा तुमी दोघं. भाकरी गरम हाय, जेवून घ्या."