उणे चार अंशात सरुबाई

हर्षालीच्या ऑफिसात तिला कळल्याशिवाय माशीसुद्धा शिंकत नसे! निदान तिचं स्वतःचं मत तरी तसंच होतं.

अणदूरच्या बाहेर, हायवेला लागून महांतप्पा शेठनी स्की रिसॉर्ट काढलं होतं. म्हणजे पत्र्याचं भलंमोठं गोदाम, आत यंत्राचा बर्फ आणि घसरायला एक उतार. बाहेर त्रेचाळीस, आत उणे चार! एमबीए झालेली हर्षाली तिथं कर्मचाऱ्यांचं बघायची. कुणाचं जॅकेट आखूड, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं तिला पाठ. 'कर्मचारी खूश, तर पाहुणा खूश' ही पाटी तिनंच लावली होती. तिच्याखालची दुसरी पाटीही तिचीच : 'कामावर लहान मुलांना आणू नये.'

गेल्याच आठवड्यात तिकीट खिडकीवरची दीक्षा आली होती. "मॅडम, आईचं ऑपरेशन झालंय. पंधरा दिवस लेकीला आणू का? आवाज करत नाही ती."

"अगं, एकीला हो म्हटलं तर उद्या इथं बालवाडी भरेल!"

दीक्षानं मान खाली घातली आणि लेकीला शेजारणीच्या हवाली केलं.

आता खरं सांगायचं, तर हर्षालीचा दोन वर्षांचा रणधीर चार दिवसांपासून जॅकेटच्या खोलीत बसत होता! त्याला ताप येऊन गेला होता. लेकरू डोळ्याआड झालं, की हिचं कामात लक्ष लागेना. म्हणून सासूबाई सरुबाई आणि रणधीर रोज मागच्या दारानं आत. शेठना कळलं तर नोकरी जाणार. आणि दीक्षाला कळलं तर? तो विचार हर्षाली करतच नव्हती.

खबर मिळावी म्हणून तिनं रिसॉर्टचाच एक वॉकीटॉकी सासूबाईंना दिला होता. "आत्याबाई, बटण दाबून बोलायचं, बोलून झालं की सोडायचं. आणि या चॅनेलच्या चकतीला हात लावायचा नाही."

"व्हय गं बाई. इमान थोडंच उडवायचंय!"

त्या दिवशी कळंबहून तीस शिक्षकांची सहल आली. सगळे पायांत बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या बांधून उताराच्या माथ्यावर. फोटोसाठी हर्षालीनंही पट्ट्या चढवल्या. प्रशिक्षक राजपालच्या सूचना वॉकीटॉकीवरून मोठ्या स्पीकरवर यायच्या. त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला, तेवढ्यात स्पीकरच बोलला,

"बस खाली! उभ्यानं काय करतूस?"

शिक्षक चपापले. राजपाल त्यांच्याहून जास्त चपापला.

"गुडघं वाकव! पाय फाकव! आनखी! आता ढुंगण मागं!"

जन्मभर पोरांना अंगठे धरायला लावणारे तीसच्या तीस शिक्षक एका दमात वाकले! खालून शेठ ओरडले, "राजपाल, ह्या बाई कुठनं आणल्या? लई कडक शिकवतात!"

उणे चार अंशात हर्षालीला घाम फुटला. ती आपल्या वॉकीटॉकीत कुजबुजली, "आत्याबाई, बटण सोडा! सोडा बटण!" पण सरुबाईंनी 'दर टायमाला कोण दाबत बसणार' म्हणून बटणाला चिंधी आवळून बांधली होती आणि चकती रणधीरनं कधीच फिरवून राजपालच्या चॅनेलवर नेली होती. तिकडचं सगळं इकडं येत होतं, इकडचं काही तिकडं जात नव्हतं!

"आता लाव जोर! लाव की!"

शिक्षकांनी जोर लावला! ढोकीच्या कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांसारखे एकामागं एक सुटले. मुख्याध्यापक शरणबसप्पा सर तर हात जोडूनच शेठच्या पायाशी येऊन थांबले.

"झाली! शाब्बास माझ्या वाघा!"

टाळ्यांचा कडकडाट! हर्षालीला वाटलं, सुटले बाबा. पण स्पीकर थांबेल तर ना!

"थांब, धुऊ दे. आन् चाकलेट खाल्लेलं तुझ्या आयला सांगू नगं. चार दिस झालं, चोरावाणी बसवलंय आपल्याला जॅकेटाच्या खोलीत. शेठला कळलं तर हर्षालीची नोकरी जाईल म्हणं!"

तीस माना वर वळल्या. शेठची एकतिसावी. पळून जावं म्हणून हर्षाली वळली आणि पायांतल्या पट्ट्या एकमेकींत अडकल्या. पाठीवर घसरत ती थेट खाली, टाळ्या ऐकून धावत आलेल्या दीक्षाच्या पुढ्यात!

दीक्षानं हात दिला. "लागलं का, मॅडम?"

एक शिवी दिली असती तरी परवडलं असतं!

शेठनी सरुबाईंना बोलावून घेतलं आणि जागेवरच नोकरी दिली. तीस माणसं न पडता उतरवणारी प्रशिक्षिका त्यांना पुन्हा कुठं मिळणार? मग त्यांनी हर्षालीकडं बघितलं. "आणि मॅडम, तुमचं काय करायचं?"

"ऱ्हाऊ द्या साहेब," सरुबाई म्हणाल्या. "पोरगी वाईट न्हाय. नुसती भित्री हाय."

"मला नका सांगू," शेठ म्हणाले. "हिच्या लेकीला आत घेतलं नाही म्हणे. ह्या दीक्षाला विचारा."

 हर्षालीला तिच्याकडं बघवेना. "राहू द्या, शेठ," दीक्षा म्हणाली, "पण आईला बरं वाटेपर्यंत माझ्या लेकीला मॅडमनीच सांभाळायचं."

तेव्हापासून सरुबाई उतारावर असतात आणि हर्षाली जॅकेटच्या खोलीत, दोन लेकरं मांडीवर घेऊन. दर दहा मिनिटांनी दीक्षा दारातून डोकावते, लेकीला नीट निरखते आणि तशीच निघून जाते. मॅडमवर तिचा काडीचा विश्वास नाही! हर्षालीला खरं तर राग यायला हवा. पण ती काय करते? दीक्षाची चाहूल लागली, की लेकीचं नाक घाईघाईनं पुसते आणि तिचं तोंड दाराकडं करून बसते.